अर्थिंगचा म्हसोबा

कडुबा वायरमनला माणसं आवडत नसत, आणि हे तो कधी लपवतही नसे. वाळूजच्या कारखान्यांत जिथं तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, वाफेनं लोखंड सडतं, तिथून त्याला बोलावणं यायचं. सडलेलं विजेचं पॅनल काढायचं, नवं बसवायचं, जळक्या केबली ओढून फेकायच्या, हे त्याचं काम. आल्या आल्या तो पॅनलच्या दारावर टिचकी मारायचा. दार वरून नवंकोरं, राखाडी रंगाचं, आणि टिचकीसरशी बोट आत. मग तो मागं वळून तिथल्या साहेबाकडं बघायचा आणि म्हणायचा, "रंग लई भारी दिलाय, साहेब." एवढं बोलून तो बाहेर जाऊन थुंकून यायचा.

त्याच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं होती, रंगारी आणि मेंढरं. शिकलेले ते रंगारी. गंज दिसला की खरवडायचा सोडून त्याच्यावर रंग मारणारे. बाकी सगळी मेंढरं. स्वतःला तो कशात धरतो हे त्यानं कधी सांगितलं नाही, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

मेंढरांबद्दल तो काही ऐकीव बोलत नव्हता. फुलंब्रीच्या पुढं डोंगराच्या अंगाला त्यांची वस्ती होती आणि बापाजवळ मेंढरांचा कळप होता. पोरवयात कडुबानं तो राखला होता. एकदा पुढचं मेंढरू बुजून कोरड्या विहिरीत पडलं आणि मागची मेंढरं एकामागून एक त्याच्या पाठोपाठ गेली. हा काठी आडवी घालून ओरडत राहिला, पण एकानंही त्याच्याकडं वळून बघितलं नाही. बाप त्या दिवशी धाय मोकलून रडला. कडुबाला मात्र कीव आली नाही, चीड आली, आणि ती चीड पुढं त्याला जन्मभर पुरली.

तो शहरात आला, आयटीआयला वायरमनचं काम शिकला. इकडं शहर सुटलं ते बापाच्या चराईच्या माळापर्यंत जाऊन थांबलं. जिथं मेंढरं बसायची तिथं रो-हाऊसच्या रांगा उठल्या, कमान उभी राहिली, कमानीवर कुठल्यातरी विहाराचं नाव लागलं. तिथून जाताना कडुबा म्हणायचा, "आधीबी इथं मेंढरंच बसायची." आणि आपल्याच बोलण्यावर खूश व्हायचा.

सगळ्यात जास्त राग त्याचा मुलाम्याच्या कारखान्यावर. तिथं लोखंडी खांब, नळ, जाळ्या आधी तेजाबाच्या हौदात बुडवत, मग पाण्यानं धूत, मग वितळलेल्या जस्तात घालत. गंज लागू नये म्हणून मुलामा देणारा कारखाना, आणि त्याच्याइतका गंजलेला कारखाना अख्ख्या वाळूजमध्ये नव्हता. आत पाऊल टाकलं की घशात खवखव आणि डोळ्यांत पाणी. स्क्रूला पाना लावावा तर माथा भुगा होऊन हातात यायचा. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढलेला, वीज जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्टर जागच्या जागी चिकटलेले, आणि पॅनलच्या तळाशी मरून वाळलेल्या पाली. कामगारांच्या अंगातले बनियन धुण्याआधीच विरायचे. पण कार्यालयासमोर मोगऱ्याचा वाफा होता आणि फाटकावर पाटी होती, 'गंजाला कायमचा निरोप'. ती पाटीही गंजलेली होती.

तिथला मॅनेजर मुकुंद. शहरात समर्थनगरला राहायचा. आजोबा भिक्षुकी करायचे, बाप कचेरीत कारकून, आणि हा इंजिनिअर. माणूस सभ्य. कुणावर आवाज चढवला नाही, कुणाला एकेरी हाक मारली नाही, आणि तपासणीवाले यायचे असले की आदल्या आठवड्यात रंगाचे डबे मागवायला विसरला नाही. कडुबा त्याला तोंडावर साहेब म्हणायचा आणि पाठीमागं मोठा रंगारी.

या कारखान्यात कडुबाचं म्हणावं असं एकच माणूस होतं, सांडू. हौदावर काम करणारा, वस्तीशेजारच्या गावचा. कडुबा ज्याच्या डबीतली तंबाखू मागून खायचा असा तो एवढाच. आणि सांडू मेला तो अर्थिंगपायी.

आता अर्थिंग म्हणजे काय, हे वायरमन सोडून कुणाला फिकीर नसते, म्हणून सांगतो. मशिनीतली वीज कुठं गळाली तर तिला जमिनीत उतरायला सोपी वाट लागते. म्हणून मशिनीच्या अंगापासून एक पट्टी नेऊन खड्ड्यात पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात, वर एक नरसाळं ठेवतात आणि त्यातून रोज पाणी घालतात. खड्डा ओला आहे तोवर वीज निमूट खाली जाते. खड्डा कोरडा पडला की ती दुसरी वाट शोधते, आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूस ही तिची आवडती वाट.

दोन हजार बारा-तेराच्या दुष्काळात टँकर सुरू झाले तसं खड्ड्याचं पाणी सगळ्यात आधी बंद झालं. गळती झाली की आपोआप वीज तोडणारा ब्रेकर कडुबानं बसवला होता. पण तेजाबाच्या वाफेनं तिथं सगळंच थोडं थोडं गळायचं. तो ब्रेकर सारखा पडायचा, सारखं काम थांबायचं, म्हणून मुकुंदनं तो काढायला लावला. मग एका दुपारी, कडुबा तिथंच पॅनलवर काम करत असताना, सांडूनं धुण्याच्या पंपाच्या मोटारीला हात लावला आणि तिथंच चिकटला. कडुबानं धावत जाऊन मेन स्विच पाडला, पण सांडू संपला होता. लोक सांडूभोवती जमले आणि कडुबा खड्ड्याशी गेला. नरसाळ्यात हात घातला तर नुसती धूळ वर आली.

दुसऱ्या दिवशी तो मुकुंदसमोर उभा राहिला. म्हणाला, "साहेब, ब्रेकर बसवू देत नाय तर नाय, पर खड्ड्याला रोज बादलीभर पानी पायजे."

मुकुंदनं चष्मा काढून पुसला. "अहो कडुबा, मला का वाईट वाटत नाही? पण माणसांना प्यायला पाणी नाही आणि मी खड्ड्याला बादली द्या म्हणून वर कसं सांगू? हसतील मला."

"हसू द्या की. हसल्यानं मानूस मरत नाय."

मुकुंदला ते लागलं असावं, कारण बादली मंजूर झाली. पण ती खड्ड्यापर्यंत पोचेना. हौदावरचा सगळ्यात जुना माणूस आप्पा. कामगार त्याच्या शब्दाबाहेर नसत. त्यानं ती बादली मधेच अडवून हातपाय धुवायला लावली. "जिमिनीला काय तहान लागती व्हय रे?" असं तो विचारायचा आणि बाकीचे हसायचे. सांडूच्या तिरडीला खांदा दिलेली माणसं ती. त्याच माणसांनी त्याच बादलीत पाय धुतले. कडुबानं ते बघितलं आणि त्याचं डोकं फिरलं. तो म्हणाला, "खड्ड्याला पाजनार नाय. पर दगडाला शेंदूर फासला असता तर गाढवांनी घरून पानी आनून वतलं असतं."

बोलला आणि स्वतःच थांबला.

त्याच संध्याकाळी तो शहरात औरंगपुऱ्याच्या बाजारात गेला आणि शेंदराची पुडी घेऊन आला. कारखान्यामागं नव्या इमारतींचं काम चालू होतं, तिथून एक उभट दगड उचलला. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तो नरसाळ्याला लागून रोवला, असा की वरून घातलेला थेंब न थेंब नरसाळ्यातच जावा. तेलात शेंदूर कालवला आणि पॅनल रंगवायच्या ब्रशनं दगडाला फासला. आयुष्यभर रंगाऱ्यांना नावं ठेवणाऱ्या माणसानं त्या दिवशी स्वतः ब्रश धरला, पण तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट काम झकास जमलं म्हणून तो गालातल्या गालात हसला.

सगळ्यात आधी आली बानाबाई. कारखान्याची झाडलोट, फरशी धुणं तिच्याकडं. सिल्लोडकडची, मेंढपाळाच्याच घरची. मेंढरं गेली, नवरा गेला, मुलगा-सून ऊसतोडीला गेली ती तिकडंच राहिली, आणि ही दिपाली नावाच्या नातीला घेऊन शहराच्या कडेला पत्र्याच्या खोलीत राहायची. दगड बघून तिनं झाडू खाली ठेवला आणि डोक्यावर पदर घेतला.

"कडुबा, ह्यो कोन रं?"

"म्हसोबा हाय, मावशी. खड्डा उकरताना निघाला."

"काय मागतो?"

"पानी. रोज तांब्याभर. दुसरं कायबी नाय." कडुबाला आता रंग चढला होता. "लई तहानलेला हाय. पाजलं नाय तर मानूस घेतो. सांडूला नाय का घेतला?"

बानाबाईनं लगेच आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली काढली. खोलीवर टँकरच्या रांगेत उभं राहून मिळालेलं ते पाणी तिनं तांब्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी दगडावर घातलं. नरसाळ्यातून गुळगुळ आवाज आला. "पितोय बघ," ती म्हणाली. कडुबा मागं वळला, कारण त्याला हसू आवरेना.

पुढचं सगळं त्याच्या अंदाजाच्याही पुढं गेलं. आठ-एक दिवसांनी तो अर्थिंग तपासायला आला. वायरमन लोक ते बल्बनं तपासतात. बल्बची एक वायर चालू विजेला, दुसरी अर्थिंगच्या पट्टीला. बल्ब लख्ख पेटला तर खड्डा जिवंत, मिणमिणला तर मेलेला. कडुबानं दगडाशेजारच्या पट्टीला वायर टेकवली आणि बल्ब असा पेटला की त्यानं स्वतःच डोळे मिचकावले. आप्पा मागं उभा होता. त्यानं बघितलं ते एवढंच, की एक वायर म्हसोबाच्या अंगाला लागली आणि बल्ब लागला.

आप्पानं डोक्यावरची टोपी काढली आणि मटकन गुडघ्यांवर बसला.

मग काय विचारता. जागृत देव, विजेचा देव! जे खड्ड्याला बादली देत नव्हते ते बिसलेरीच्या बाटल्या आणून ओतू लागले. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, नारळ फुटला. कुणाची म्हैस सापडली, लिंबं आली. कडुबा दर खेपेला बल्ब लावून बघायचा, बल्ब लख्ख पेटायचा, मेंढरं हात जोडायची. टपरीवर चहा घेताना तो ही गोष्ट दुसऱ्या वायरमनांना रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "सांडू जित्ता मानूस व्हता, त्याच्यासाठी कुनी तांब्या उचलला नाय. दगडासाठी रांगा लागल्या. थू तुमच्या." ऐकणारे हसायचे. तो मात्र उरलेला चहा ओतून उठायचा.

पाऊस बरा झाला, वर्षं गेली, आणि पंधरा-सोळाला पुन्हा दुष्काळ आला तो आधीच्याहून दांडगा. कडुबा तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला, शेंद्र्याकडं एका मोठ्या कामात अडकला होता. मुलाम्याच्या कारखान्यातून निरोप आला की पॅनल पुन्हा गेलं, या. तो आला, पॅनलच्या दारात बोट घातलं, मुकुंदकडं बघून ठरलेलं वाक्य टाकलं, आणि थुंकायला बाहेर गेला तर समोर ओटा.

म्हसोबाला पांढऱ्या फरशीचा ओटा झाला होता. वर पत्र्याची सावली, टांगलेली घंटा, आणि दगडाच्या चारी बाजूंनी पक्कं सिमेंट. आप्पानं पुढाकार घेतला होता. फरशी मुकुंदनं दिली होती. खड्ड्याला बादली द्यायला ज्याला वर विचारावं लागलं, त्याला ओट्यासाठी कुणाला विचारावं लागलं नाही. कामगार खूश राहतात, वर्षभर कुरकुर नाही, असं त्यानं बोलूनही दाखवलं. शिवाय ओट्याला त्यानं एक सुबक पन्हळ काढून दिला होता. देवावरचं सगळं पाणी त्या पन्हळातून थेट कार्यालयासमोरच्या मोगऱ्याला जायचं. "दुष्काळात पाणी वाया जायला नको," मुकुंद म्हणाला. ते त्यानं अगदी प्रामाणिकपणे केलं होतं.

कडुबा कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. घंटा बघितली, फरशी बघितली, आणि पोट धरून हसला. टपरीवर सांगायला आता केवढी गोष्ट झाली, हेच त्याच्या डोक्यात. तेवढ्यात बानाबाई आली. तिनं चपला ओट्याखाली काढल्या, तांब्या दगडावर उपडा केला, डोकं टेकलं. कडुबानं ते बघितलं आणि मनात म्हणाला, चला, खड्ड्याला पाणी मिळतंय. इतकी वर्षं न चुकता काढलेला बल्ब त्यानं त्या दिवशी पिशवीतून काढलाच नाही. नवं पॅनल बसवलं, केबली जोडल्या, झाकणं आवळली, आणि गेला.

सिमेंटखाली नरसाळं बुजलं होतं. पाणी मोगऱ्याला जात होतं. एवढी साधी गोष्ट कुणाला दिसली नाही हे एक वेळ समजू, पण ज्याला दिसायला हवी होती तो हसत होता.

वैशाखात धुण्याच्या पंपाची मोटार आतून गळू लागली. सांडू गेल्यापासून हौदावरचे सगळे रबरी बुटात, त्यांना काही कळलं नाही. बानाबाई नेहमीप्रमाणं म्हसोबाला पाणी घालून आली. चपला ओट्याखालीच राहिल्या. पंपाजवळची फरशी धुता धुता ती वाकली आणि आधाराला मोटारीवर हात ठेवला. आवाज असा काही झाला नाही. आप्पानं वळून बघितलं तेव्हा ती ताठ झाली होती, आणि कुणीतरी लाकडी फळीनं तिला बाजूला ढकललं तेव्हा तिचा उजवा हात काळा पडला होता.

जीव होता. घाटी दवाखान्यात नेलं.

कडुबाला कळलं तेव्हा तो शेंद्र्यातून मोटारसायकलवर निघाला तो दवाखान्यात गेलाच नाही, सरळ कारखान्यात आला. पिशवीतून बल्ब काढला आणि वायर पट्टीला टेकवली. बल्बच्या आतली तार नुसती तांबूस झाली. तो उठला, हातोडा घेतला आणि ओट्यावर घातला. पहिल्या घावाला फरशी तडकली. दुसरा घाव घालायच्या आत आप्पा आणि चार जणांनी त्याला धरलं.

"सोडा! देव नाय त्यो! म्या बसवला इथं. त्या बांधकामावरचा धोंडा हाय त्यो, औरंगपुऱ्यातून शेंदूर आनून म्याच फासला!"

आप्पानं शांतपणे त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. "तू बसवला?"

"व्हय, म्याच!"

"मंग बल्ब कसा लागत व्हता?"

कडुबानं तोंड उघडलं. अर्थिंग, खड्डा, कोळसा, मीठ, सगळं सांगितलं. माणसं ऐकत होती आणि त्यांच्या तोंडावर जे होतं ते कडुबाला चांगलं ओळखीचं होतं. आजवर त्यानं दुसऱ्यांकडं ज्या नजरेनं बघितलं होतं, तीच नजर आता पाच-सहा तोंडांवरून त्याच्याकडं बघत होती. "मोठा आला देव बसवनारा," आप्पा म्हणाला आणि बाजूला थुंकला.

तेव्हा कडुबाला कळलं की खरं बोलून इथं एक कपचीही उडणार नाही. नवा खड्डा खणता आला असता, पण त्याला पाणी कोण घालणार? पाणी इथंच पडणार होतं, याच दगडावर. तो ओट्याशी बसला, घाम पुसला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आप्पा, म्हसोबाच्या बुडाशी नाग असतो. तुमी त्याची वाट बुजवली."

आप्पाचा चेहरा उतरला. "नाग?"

"मंग? वरून पानी वतता, अन् सगळं जातं मोगऱ्याला. नागाला काय? तो कोपला. नाय तर रोज पाजनाऱ्या बाईला का धरील?"

एवढ्यावर काम झालं. ज्यांनी त्याला धरलं होतं त्यांनीच छिन्नी आणली, फरशी फोडली, नरसाळं मोकळं केलं आणि मुकुंदचा पन्हळ सिमेंटनं बुजवला. बादल्या ओतल्या. कडुबा वायर धरून बसला होता. बल्ब तांबूस, मग पिवळा, मग लख्ख. मागं सगळ्यांनी हात जोडले. मुकुंदही येऊन उभा होता. त्यानं चष्मा काढला, पुसला, बल्बकडं बघितलं आणि मान खाली घालून कार्यालयाकडं वळला. कारण आपल्या पन्हळानं काय केलं ते त्याला समजलं होतं. कडुबाला तो सगळ्यात जास्त त्याच घडीला किळसवाणा वाटला. पण जाताना कडुबानं त्याला सोडलं नाही. गळतीचा ब्रेकर परत बसवून घेतला आणि म्हणाला, "ह्याला काढला तर नाग तुमालाबी वळखतो, साहेब."

दवाखान्यात बानाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. उजवा हात पट्ट्यांत बांधलेला. नात पायथ्याशी बसली होती. कडुबाची चाहूल लागताच बानाबाई वळली आणि हळूच म्हणाली, "आलास? बरं झालं. मला तुलाच सांगायचं व्हतं. दुसऱ्या कुनाला सांगायचं नाय."

"काय, मावशी?"

"म्या चोरी केली रं. चार दिस टँकर आला नाय. घरात येकच तांब्या व्हता. पोरगी रात्रीपासून पानी पानी करत व्हती. म्या अर्धा तिला पाजला अन् अर्धाच देवाला नेला." तिचे डोळे भरून आले. "तूच म्हनला व्हतास, पाजलं नाय तर मानूस घेतो. त्यानं लई नाय घेतलं. हातच घेतला."

कडुबाला बसायला जागा दिसेना. तो तसाच उभ्या उभ्या म्हणाला, "मावशी, तसं नाय. त्यो देव नाय. दगड हाय. म्या ठिवला. तुमी खड्ड्याला पानी घालावं म्हनून म्या खोटं बोललो. तुझा काय दोष नाय. दोष माझा हाय. म्या बल्ब लावून बघितला नाय."

आपला दोष हा शब्द त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडला होता. त्याला वाटलं, आता ही ओरडेल, शिव्या घालील, आणि घालायलाच हव्यात.

बानाबाईनं डावा हात उचलून त्याच्या तोंडावर ठेवला. "गप. असं बोलू नगं. माझं मन राखायला देवाला दगड म्हनतोस. लई मायेचा हायेस रं तू. पर तुलाबी मारील तो." आणि मग म्हणाली, "म्या येईस्तोवर तू घाल पानी. पुरा तांब्या."

मायेचा! कडुबाला कुणी खेटरानं मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. तो बाहेर आला, दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला, आणि सांडू गेला तेव्हा जे रडू आलं नव्हतं ते तिथं आलं. येणारी-जाणारी माणसं बघत होती. एरवी त्यानं त्यांना मेंढरं म्हटलं असतं.

त्यानंतर कडुबानं बाहेरची कामं सोडली आणि त्याच सडक्या कारखान्यात कायमचा वायरमन म्हणून राहिला. लोकांना नवल वाटलं. रोज सकाळी तो पुरा तांब्या घालायचा, बल्ब लावून बघायचा. आणखी एक नेम त्यानं ओट्याला लावून दिला: या म्हसोबाला चपला घालूनच पुजायचं, पाय उघडे दिसले की तो चिडतो. कुणी कारण विचारलं नाही. बाहेरून येणारे भक्तही आता इथं बूट काढत नाहीत, आणि या देवाचं हेच वेगळेपण म्हणून एकमेकांना कौतुकानं सांगतात. कडुबा ऐकतो आणि थुंकतो. ती सवय काही गेली नाही.

पावसाळ्यात बानाबाई कामावर परत आली. उजव्या हाताची बोटं वळत नव्हती, म्हणून तांब्या डाव्या हातात. ओट्याभोवती सगळे चपला घालून उभे होते. तिनं आपल्या चपला लांब, फाटकाजवळच काढल्या.

"मावशी, इथं चपला घालायच्या असत्यात," आप्पा म्हणाला.

"तुमच्यासाठी," ती म्हणाली. "म्या गुन्हेगार हाये."

आणि अनवाणी चालत जाऊन तिनं पाणी घातलं. पुरा तांब्या. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. कडुबानं रागावून बघितलं, नाग सांगितला, दृष्टांत सांगितला, ब्रेकर आहे आता भिऊ नको म्हणून सांगितलं. सगळ्या जगाला फसवून झालं, आणि जिला फसवायला सगळ्यात सोपं होतं ती आता फसेना. पाणी घालून ती तशीच ओल्या पायांनी पंपाकडं निघायची.

म्हणून रोज सकाळी कडुबा फाटकाजवळून तिच्या चपला उचलून आणतो, ओट्यासमोर तिच्या पायांशी खाली वाकतो आणि त्या जोडीनं मांडून ठेवतो. "घाल म्हातारे," असं दातओठ खात म्हणतो. ती घालेपर्यंत तो वर उठत नाही. हौदावरून बघणाऱ्यांना तेवढं ऐकू येत नाही. त्यांना दिसतं ते एवढंच, की कडुबा वायरमन रोज म्हसोबासमोर वाकतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ वाकलेला राहतो.